घर तिला, कर्ज मला

सोमवार, १४ मार्च १९९४

वांद्र्याच्या कोर्टात अर्ज दाखल झाला. संमतीने घटस्फोट. पुढली तारीख २३ सप्टेंबर. वकीलबाई म्हणाल्या, "मधला काळ विचार बदलण्यासाठी असतो." नलिनी म्हणाली, "विचार करूनच आलोय हो आम्ही. बावीस वर्षं केला."

टायपिस्टने फ्लॅटचं क्षेत्रफळ चुकवलं होतं, आणि 'नलिनी'तली पहिली वेलांटी दीर्घ. कॉरिडॉरमध्ये उभ्यानेच दुरुस्त करून घेतलं. मंजू बरोबर होती. म्हणे, "बाबा, घटस्फोटातसुद्धा प्रूफं तपासता तुम्ही!" हसली. मग हसणं आवरून खिडकीकडे गेली. वीस वर्षांची मुलगी, बी.कॉम.ची परीक्षा तोंडावर, आणि आम्ही हे दाखवतोय तिला.

कलम ७ माझं स्वतःचं. वकीलबाईंनी फक्त इंग्रजी केलं. शीवचा फ्लॅट पूर्णपणे पत्नीचा. त्यावर गाववाल्यांच्या मुंबईतल्या पतपेढीचं जे कर्ज आहे ते पूर्णपणे पतीचं. घर तिला, कर्ज मला. कर्ज काढलं ते माझ्या लेथ मशीनसाठी, ८७ साली. संप बुडाला, गिरणीने परत घेतलं नाही, चार-पाच वर्षं इकडेतिकडे काढली, तेव्हा. घर तारण दिलं. घर दोघांच्या नावावर, म्हणून सह्या दोघांच्या. न.ने सही करताना एक प्रश्न विचारला नाही. आता तिला त्यातून मोकळी करायची. एवढं तरी चोख व्हावं.

बुधवार, १६ मार्च

लालबागला, गावमंडळाच्या खोलीत. दोन वर्षं होत आली इथे. सतराव्या वर्षी गावाहून आलो तेव्हा याच खोलीत पथारी मिळाली होती, आता पन्नाशीला पुन्हा. तीच भिंत, फक्त ट्रंक मोठी. जेवण समोरच्या शेवंताआक्काच्या खानावळीत.

बाबल (चुलतभाऊ, रात्री वॉचमनकी करतो) पानावर बसल्या बसल्या विचारतो, "वसंता, कोर्टात काय लिवन दिलंस?" सांगितलं. घास तसाच हातात धरून म्हणाला, "घर तिका आणि रिण तुका? असा खय असता रे? भाव वायले जातत तेव्हा पाच जण बसान काय सांगतत? घर जेच्या वाट्याक, घरावरचा रिण तेच्याच वाट्याक."

म्हटलं, भावांच्या वाटणीचं वेगळं. लेथ माझ्याकडे आहे ना.

"मग लेथ गहाण टाकूची होती. घर कित्याक टाकलंस?"

लेथ तेव्हा घ्यायचीच होती, असलेली नव्हती. जे नाही ते तारण कसं ठेवणार? पण बाबलला हे समजावण्यात अर्थ नाही. आणि त्याचं म्हणणं पार चूक आहे असंही नाही.

रविवार, २० मार्च

पेढीत गेलो, अर्जाची नक्कल घेऊन. वाटलं होतं, कलम ७ दाखवायचं, न.चं नाव कमी करून घ्यायचं, चहा प्यायचा, परत यायचं.

सचिव परब यांनी नक्कल वाचली. चष्मा काढला. "वसंतराव, छान लिहिलंय. पण आम्हाला काय त्याचं?"

"म्हणजे? कोर्टाचा हुकूम होईल उद्या."

"होऊ दे की. तो तुमच्या दोघांमधला. पेढीने कर्ज दिलं तेव्हा दोन सह्या बघून दिलं. तुम्ही थकलात तर वहिनी. वहिनी थकल्या तर तुम्ही. दोघं थकलात तर घर. लग्न राहिलं की गेलं, ते आम्ही विचारत नाही."

मी आवाज चढवला. चढवायला नको होता. माणूस सभ्य आहे. शेवटी म्हणाला, "नाव कमी करायचा रस्ता आहे. वहिनींच्या जागी दुसरा जामीन द्या. सभासद हवा, आणि दोघांना आधी जामीन असलेला नको. कमिटी विचार करेल."

जामीन काय, गावचे शंभर मिळतील.

मंगळवार, २२ मार्च

दादरच्या वाचनालयात बसून करार कायदा आणि सहकार कायदा काढला. परब बरोबर आहे. दोघांनी मिळून दिलेलं वचन देणेकऱ्यांना आपसात वाटून घेता येतं, पण त्याने धनकोचा हक्क कमी होत नाही. पोटकलमासकट वाचलं. वकीलबाईंना हे ठाऊक असणारच. फोन केला तर म्हणाल्या, "हो, पण तुम्ही इतक्या ठामपणे सांगत होतात..."

ठामपणे सांगतो म्हणून लोक मला सांगायचं टाळतात. न. पण हेच म्हणायची.

रविवार, ३ एप्रिल

सगळी सकाळ गाववाल्यांत जामीन शोधत फिरलो. आता हसू येतंय, दुपारी येत नव्हतं.

बाबल तयार. पण तो सद्याला आणि विष्णूला जामीन. सद्याकडे गेलो. तो बाबलला आणि मास्तरांना. मास्तर विष्णूला आणि सद्याला. विष्णू मास्तरांना आणि बाबलला. मी बाबलला आणि सद्याला. संपानंतर ज्याने त्याने कर्ज काढलं. कुणी रिक्षासाठी, कुणी मुलीच्या लग्नाला, कुणी नुसतं पोटाला. गाववाल्याला नाही म्हणायचं नाही ही आमची रीत, म्हणून ज्याने त्याने सह्या ठोकल्या. आता एकही मोकळा हात नाही. सगळे एकमेकांच्या खांद्यावर उभे, जमिनीवर कोणीच नाही.

परबांना सांगितलं तर म्हणाले, "मला माहीत आहे. म्हणूनच दोघांची मर्यादा घातली. उशिरा घातली."

मंगळवार, १२ एप्रिल

काल पाडवा. मंजू माझ्या लेथच्या गाळ्यावर डबा घेऊन आली. श्रीखंड. "आईने दिलंय. डबा परत पाठवायचा, म्हणाली." मशीनवर काम लावलेलं होतं. भिवंडीच्या पॉवरलूमचे बुश करतो हल्ली. ज्या मागांनी आमच्या गिरण्या खाल्ल्या त्यांचे सुटे भाग. मंजू बघत उभी राहिली. "किती मऊ आवाज येतो हो याचा." मशीन नीट लावलेलं असलं की आवाज मऊच येतो. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बरं वाटलं.

जाताना म्हणाली, "आई विचारत होती, हप्ते वेळेवर जातात ना?"

जातात, म्हटलं. मार्चचा गेला होता. एप्रिलची तारीख अजून यायची होती. खोटं नाही.

शुक्रवार, २० मे

भिवंडीत शुकशुकाट. कारागीर मुलखाला गेले, माग बंद, माझी बिलं अडकली. एप्रिल आणि मे, दोन्ही हप्ते राहिले. गाळ्याचं भाडं दिलं, कारण ते नाही दिलं तर कुलूप. निवड चुकली का? तेव्हा चुकली नाही असं वाटलं.

सोमवार, ६ जून

पेढीची नोटीस. मला इथे, न.ला तिच्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर. पगारातून कापून घेण्याचा पेढीला अधिकार आहे, तशी सूचना. परबांनी कायद्याबाहेर काही केलेलं नाही. मला आधी एक निरोप दिला असता तर...

तिच्या वॉर्डातल्या सगळ्यांनी ते पाकीट पाहिलं असणार. सिस्टर होऊन पंचवीस वर्षं झाली तिला. कधी एक मेमो नाही.

बुधवार, ८ जून

न.ला भेटलो. हॉस्पिटलसमोरच्या उडप्याकडे, तिची ड्युटी संपल्यावर. दोन वर्षांत आम्ही दोघंच समोरासमोर बसलो नव्हतो. जेवढं आठवतंय तेवढं लिहून ठेवतो.

मी: "पुढच्या आठवड्यात भरतो. तुझ्या पगाराला हात लागणार नाही."

ती: "मी भरले."

"काय?"

"दोन्ही हप्ते. काल. पावती हवी का? तुम्हाला लागतेच पावती."

मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं होतं? कलम सातमध्ये स्पष्ट लिहिलंय. तर म्हणाली, "तुमचं कलम तुमच्यापाशी. सही माझी आहे. मी काही आंधळेपणाने केली नव्हती. संपात बसलेला माणूस पुन्हा कामाला उभा राहतोय, म्हणून केली. त्याचं ओझं वाटलं नाही मला."

"मला वाटतं."

"ते दिसतंय. सगळ्या शीवला दिसतंय."

वेटर बिल घेऊन आला. दोघांनी हात पुढे केला. मी दिलं. तिने पर्स बंद केली.

आमच्यात भांडण असं कधी झालंच नाही. संपात घर तिच्या पगारावर चालायचं. रोज सकाळी ती माझ्या बसचे आणि चहाचे पैसे रेडिओखाली ठेवून जायची. हातात कधी दिले नाहीत, मला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून. तिला इतकं अचूक कळत होतं, तेच सोसवलं नाही. पुढे लेथ चालली, पैसे आले, तरी घरात शिरताना मी आधी रेडिओकडे बघायचो. हे कोर्टाच्या अर्जात कुठल्या कलमात बसवायचं? तिथे लिहिलंय 'स्वभाव जुळत नाहीत'.

रविवार, १९ जून

लेथला गिऱ्हाईक आलं. कुर्ल्याचा माणूस, जुन्या मशीनचा धंदा. मशीनच्या बेडवर बोट फिरवून पाहिलं, चकात लोखंडाचा तुकडा पकडून चालवून पाहिलं. "मेंटेन बहुत अच्छा किया है," म्हणाला. भाव बरा सांगितला. त्यात कर्ज फिटतं. फिटून वर काही उरत नाही.

लेथ विकली तर न. मोकळी, घर मोकळं, मी दुसऱ्याच्या शॉपमध्ये रोजावर. हात चालतात अजून, काम मिळेल. पण पन्नाशीत हजेरी मांडणाऱ्यासमोर उभं राहायचं.

त्याला म्हटलं, सप्टेंबरपर्यंत थांब. "थांबतो," म्हणाला. "मशीन कुठे पळून जातंय?"

मंगळवार, १९ जुलै

शेवंताआक्का. हिचं काय करावं!

जेवण झाल्यावर ताट उचलता उचलता म्हणाली, "पेढीत जामीन व्हया ना तुका? मग माका कित्या इचारूक नाय?"

आक्का सत्तरीची. नवरा गिरणीत होता, पस्तीस वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून खानावळ. रोजची शिल्लक पेढीत टाकते.

"मी मेंबर आसंय. कोणाकच जामीन नाय. तुमका बाप्यांका एकाक तरी सुचला? वाडीभर फिरलास, आनि जेवलास खय?"

सगळे हसले. बाबलला ठसका लागला. खरंच सुचलं नव्हतं. मला, ज्याला पोटकलमं पाठ आहेत.

म्हटलं, आक्का, मी थकलो तर पेढी तुझ्या पुंजीवर येईल. तर म्हणे, "तू थकशीत कित्या? आनि थकलंस तर तुजा जेवान बंद करीन." मग जवळ येऊन हळू आवाजात: "सही करतंय. पन आदी तिका बगतलंय एकदा. तिच्या जागेर बसूचा म्हनजे तिका इचारूक नको?"

सोमवार, ८ ऑगस्ट

आक्का खरोखरच शीवला न.च्या हॉस्पिटलात गेली. गुडघा दाखवायचं निमित्त. न.ने केसपेपर काढून दिला, डॉक्टरांना दाखवलं, रिक्षात बसवून दिलं. काय बोलणं झालं ते आक्का सांगत नाही. "बायको चांगली हा तुजी" एवढंच. मी म्हटलं, आता बायको नव्हे ती. "सप्टेंबरपर्यंत हा," म्हणाली. हिला तारखासुद्धा माहीत.

फॉर्मवर मात्र सही करून ठेवली आहे. मोठ्या अक्षरांत, एकेक अक्षर सुटं. फॉर्म माझ्याकडे.

गुरुवार, ११ ऑगस्ट

न.चा फोन, खालच्या दुकानात.

"त्या आक्कांना यात घालू नका."

"त्या स्वतःहून..."

"माहीत आहे. म्हणूनच सांगतेय. त्यांना पेन्शन आहे का? मला आहे. त्यांच्या म्हातारपणाचे पैसे आहेत ते. माझं नाव काढायचं म्हणून त्यांचं घालणार? हे तुमच्या हिशोबात चोख बसतं?"

"मग लेथ विकतो."

ती म्हणाली, "लेथ विकून मला घर मोकळं करून द्याल. आणि जन्मभर मी त्या घरात बसून काय म्हणू? की बघा, याने माझ्यासाठी हात तोडून दिले? नको मला असलं घर. माझं नाव राहू द्या. तुम्ही भरा. नाही जमलं त्या महिन्यात मी भरेन. मग सांगा, नाही जमलं. एवढंच सांगायचं. ते येईल का सांगता?"

दुकानदार ऐकत होता. मी "बघतो" म्हटलं.

रविवार, १४ ऑगस्ट

सुट्टी. विचार.

तीन न्याय आहेत. बाबलचा: घर ज्याला, कर्ज त्याला. माझा: ज्याच्यासाठी पैसे घेतले, कर्ज त्याचं. पेढीचा: ज्याने सही केली, कर्ज त्याचं. तिन्ही बरोबर. नलिनीचा चौथा. त्याला काय म्हणावं सुचत नाही. ती म्हणते कर्ज दोघांचं होतं म्हणून दोघांचं राहील, लग्नाशी त्याचा संबंध नाही.

पण मग मी मोकळं कुणाला करत होतो?

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

सोमवार, १२ सप्टेंबर

खोली रिकामी, सगळे गणपतीला गावाला. मी नाही गेलो. घरच्या गणपतीपुढे 'वैनी खय?' ऐकायची तयारी नव्हती. ऑगस्टचा हप्ता मी भरला. सप्टेंबरचा भरणं कठीण दिसतंय, भिवंडीचा चेक अजून आलेला नाही. न.ला सांगितलेलं नाही. दोनदा फोनपर्यंत गेलो.

शुक्रवार, २३ सप्टेंबर

कोर्ट. जज्ज बाई होत्या, मराठी. दोघांना विचारलं, मर्जीने? हो. हो. मग कलम ७ वर आल्या. "कर्ज पतीचं, असं लिहिलंय. पण पेढीला हे मान्य आहे का?" वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं, मान्य नाही. जामीन बदलला तर मान्य होईल. जामीन तयार आहे.

न. म्हणाली, "मॅडम, मला बदलून नकोय."

जज्ज बाईंनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुमच्या हिताचंच कलम आहे हे. घटस्फोट झाल्यावर यांच्या कर्जाला तुम्ही का बांधून घेता?"

"यांचं नाही मॅडम. आमचं आहे. घर माझ्या नावावर होतंय ना? मग फुकट का घेऊ? देणगी घेतल्यासारखं होतं."

कोर्टात कुजबुज. जज्ज बाई म्हणाल्या, "आधी आपसात ठरवा, पेढीचं लेखी आणा, मग हुकूम करते." ऑक्टोबरची तारीख.

बाहेर मंजू म्हणाली, "लोक कर्ज टाळायला भांडतात. तुम्ही दोघं ते मिळावं म्हणून भांडताय." आणि रडायला लागली. न.ने तिला जवळ घेतलं. मी तिघांना चहा आणला. तिघांनी प्यायला.

रविवार, २५ सप्टेंबर

पेढीची कमिटी दहाला. खिशात आक्काचा फॉर्म. सकाळी कुर्लेवाल्याचा निरोप आला होता, टेम्पो उद्या पाठवू का. थांब म्हटलं, संध्याकाळी सांगतो.

न. माझ्या आधी येऊन बसली होती. नेहमीची पांढरी साडी नाही, निळी. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिथेच बसलो. कमिटीचे तिघे आणि परब. परबांनी खातं उघडलं. "या महिन्याचा हप्ता आलेला नाही, वसंतराव."

न.ने माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाकडेच बघत होती.

म्हटलं, "या महिन्यात नाही जमलं."

कुणाला काही वाटलं नाही. पेढीत हे वाक्य दिवसातून वीस वेळा होतं. फक्त शेजारी पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला.

परब म्हणाले, "बरं. मुद्द्यावर येऊ. वहिनींचं नाव कमी करायचा तुमचा अर्ज आहे मार्चपासून. नवा जामीन आणलात म्हणे. मग काय, कमी करायचं?"

"यांना विचारा," न. म्हणाली. "अर्ज यांचा आहे."

चौघंही माझ्याकडे बघत राहिले. फॉर्म खिशातून काढला. घडी उघडून टेबलावर सपाट केला, आक्काची सही वर. हात फॉर्मवरच ठेवला.

"परबसाहेब," म्हटलं, "पाणी मिळेल का जरा?"